निनावी डॅनिश साइडबोर्ड : कर्ता कसा शोधावा?

आरहूसची_गौरी

नमस्कार. गेली चार वर्षे आम्ही डेन्मार्कमधल्या आरहूसमध्ये राहत आहोत. मागच्या महिन्यात शहराबाहेरच्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून आम्ही सागवानी साइडबोर्ड घेतला; इथे त्याला ‘स्केंक’ म्हणतात. लांबी दोन मीटरला थोडी कमी आहे, दोन बाजूंना सरकती दारे, मध्ये चार खण आणि खाली निमुळते गोल पाय अशी त्याची मांडणी आहे. दुकानदाराने ‘हा आर्ने वोडरचा आहे’ असे छातीठोकपणे सांगितले, आणि घासाघीस करून शेवटी तो सहा हजार क्रोनरांना दिला. घरी आणल्यावर मी तो आतून-बाहेरून पाहिला, परंतु कोठेही शिक्का, चिठ्ठी किंवा धातूचा बिल्ला सापडला नाही. आता घरातील सामानाच्या विम्याचा अर्ज भरायचा आहे आणि त्यात ‘निर्माता’ असा रकाना आहे. खूण नसलेल्या अशा वस्तूचा कर्ता ओळखण्याची काही रीत आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चिंगी

रकान्यात ‘विश्वकर्मा’ असे लिहावे. हरकत घ्यायला कोणी येणार नाही.

जुना_खण

मी माल्मोला राहतो आणि या नादात बराच पैसा व त्याहून अधिक वेळ घालवलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ‘कर्ता’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळी माणसे कोंबतो. आराखडा काढणारा रचनाकार एक, प्रत्यक्ष वस्तू घडवणारा कारखाना किंवा सुतार दुसरा, आणि ती आपल्या नावाने विकणारा दुकानदार तिसरा. हान्स वेग्नर यांची १९४९ची गोल खुर्ची योहानेस हान्सेन यांच्या कार्यशाळेत तयार झाली, तर त्याच काळातील त्यांची वाय आकाराच्या पाठीची खुर्ची कार्ल हान्सेन अँड सन या कारखान्याने काढली. रचनाकार एकच असूनही हात वेगळे, शिक्के वेगळे आणि आजचा भावही वेगळा. तेव्हा तुमच्या रकान्याचे खरे उत्तर वोडर असूच शकत नाही. दुकानदाराचे म्हणणे खरे धरले, तरी वोडर हे रचनाकार होते. त्यांचे पुष्कळसे साइडबोर्ड फ्यून बेटावरच्या सिबास्त या कारखान्याने बनवले.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्का नसणे हा काही दोष नाही. अमेरिकेच्या १९३०च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर तो कोणत्या देशात तयार झाला हे लिहिणे बंधनकारक होते, त्यामुळे समुद्रापार जाणाऱ्या वस्तूंवर ‘मेड इन डेन्मार्क’ असे तापल्या ठशाने डाग देऊन किंवा छापून उमटवले जाई. जो साइडबोर्ड गावातल्याच दुकानातून गावातल्याच घरात जायचा, त्याच्यावर हे कोण लिहिणार? शिवाय कागदी चिठ्ठ्या साठ वर्षांच्या पुसापुशीत टिकत नाहीत.

कृपया तीन छायाचित्रे टाका : साइडबोर्ड आडवा करून तळाचे, पाठीमागच्या फळीचे आणि बाहेर काढलेल्या एका खणाच्या बाजूचे. दर्शनी बाजूचे छायाचित्र मला नको आहे. दर्शनी बाजूची नक्कल सगळेच करत असत.

सदाशिव_पेठी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र एक पुरवणी जोडतो. वोडर दोन आहेत. आर्ने वोडर (१९२६–२००९) हे रचनाकार, आणि निल्स वोडर हे डॅनिश रचनाकार फिन युल यांच्या खुर्च्या घडवणारे कोपनहेगनचे सुतार. जुन्या मालाचे विक्रेते या दोघांची सरमिसळ करतात आणि ग्राहकही ‘वोडर’ ऐकून खूष होतो. निल्स वोडर यांच्या कामावर सहसा डाग देऊन उमटवलेला त्यांचा शिक्का असतो.

आता साधा व्यवहार पाहा. दुकानदाराला हा नग आर्ने वोडर यांचा असल्याची खात्री असती, तर तो सहा हजार क्रोनरांना गौरीताईंच्या हाती लागला असता काय? तो थेट लिलावगृहात गेला असता. किंमत हाही पुरावाच असतो, आणि येथे तो दुकानदाराच्या विरुद्ध जातो.

रंधा

माझ्या आजोबांचा बल्लारपूरला सुतारकामाचा कारखाना होता, त्यामुळे आलापल्लीच्या सागाचा भुसा अंगाला लावूनच मी मोठा झालो. कोपनहेगनला आल्यावर पहिल्यांदा जेव्हा एका जुन्या टेबलाखाली डोके घातले, तेव्हा कच्च्या लाकडाचा तो चामड्यासारखा वास आला आणि क्षणभर मला मी कोठे आहे हेच कळेना. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. तो मुख्यतः सयाम (आजचे थायलंड) आणि ब्रह्मदेशातून आला. १८९७ साली कोपनहेगनमध्ये स्थापन झालेल्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयामच्या सागावर मोठा व्यापार होता.

मुद्द्याकडे येतो. तुमचा साइडबोर्ड भरीव सागाचा नसणार, हे न पाहताही सांगता येईल. इतक्या मोठ्या फळ्या भरीव घेतल्या तर हिवाळ्यात घर तापवले की त्या आकसतात आणि चिरतात. म्हणून आत स्वस्त लाकडाचा गाभा, वर सागाचे व्हीनियर (म्हणजे लाकडाचा पातळ काप) आणि कडांना भरीव सागाची पट्टी, अशी ही रचना असते. आपल्याकडे ‘व्हीनियर’ म्हटले की लोक नाक मुरडतात, पण हे काम नीट करणे भरीव लाकडाहून अवघड आहे. समोर उभे राहून लाकडाच्या रेषा पाहा. डाव्या दारावरची रेषा खणांवरून सलग जाऊन उजव्या दारावर संपत असेल, तर कोणीतरी एकाच लाकडाचे काप क्रमाने लावून काम केले आहे. यावरून नाव कळणार नाही, पण घडवणारा कोणत्या दर्जाचा होता हे कळेल.

तसेच पाठीमागची फळी पाहावी. तिलाही सागाचे व्हीनियर असेल, तर साइडबोर्ड खोलीच्या मध्यभागी, चारी बाजूंनी दिसेल असा ठेवण्यासाठी केलेला आहे. साधी प्लायवूडची कच्ची फळी असेल, तर तो भिंतीला टेकण्यासाठीच जन्मला आहे.

केदार_ओस्लो

क्षमा असावी, पण हा साइडबोर्ड डॅनिश आहे हे कोणी ठरवले? आरहूसमध्ये विकला गेला म्हणून? त्या काळात नॉर्वे आणि स्वीडनमध्येही असे सागवानी साइडबोर्ड भरपूर बनत होते. आमच्याकडे ब्रुक्सबू असे लिहिलेल्या पुष्कळ वस्तू सापडतात, आणि लोक तेच कारखान्याचे नाव समजतात. वास्तविक ते ओस्लोतील आराखडे काढणारे कार्यालय होते. घडवणारे कारखाने निराळे. म्हणजे खूण असूनसुद्धा कर्ता सापडतोच असे नाही. खूण नसलेल्याचे तर काय सांगावे!

लंडनकर

केदारना दुजोरा देतो. येथे ब्रिटनमध्ये जी-प्लॅन या नावाने फर्निचर विकणारा ई. गोम हा मोठा कारखाना होता. त्याने १९६२ साली ‘डॅनिश’ या नावाने एक मालिका काढली. तिचे रचनाकार इब कोफोद-लार्सेन खरोखरच डॅनिश होते, पण लाकूड कापले गेले ते इंग्लंडात. आज तिचे बिल्ले गळून पडलेले नग ‘डेन्मार्कहून आलेले’ म्हणून विकले जातात.

मुंबईच्या चोर बाजारातला माझा अनुभव तर याहून सरस आहे. तेथील एका दुकानदाराच्या मते ज्या टेबलाचे पाय खाली निमुळते होतात ते डॅनिश, आणि ज्याचे होत नाहीत ते इंग्रज साहेबाचे.

चिंगी

मुंबईकरांना डॅनिश वस्तू एकच ठाऊक आहे, ती म्हणजे लार्सन अँड टुब्रो. तिच्यावर नाव ठळक लिहिलेले असते.

आरहूसची_गौरी

सर्वांचे आभार. काल रात्री नवऱ्याच्या मदतीने साइडबोर्ड सतरंजीवर आडवा केला. निरीक्षणे अशी : लाकडाच्या रेषा सलग नाहीत, पण दोन्ही दारे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखी जुळतात. पाठीची फळी साधी आहे. खणांच्या बाजू फिकट, टणक लाकडाच्या आहेत आणि पुढच्या कोपऱ्यांत डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे) सांधे अगदी एकसारख्या मापाचे आहेत. पायांचे स्क्रू एका सरळ खाचेचे आहेत; फक्त एका पायाला फुलीच्या खाचेचे दोन स्क्रू दिसले. पाठीच्या फळीवर वरच्या कोपऱ्यात एक फिकट गोल डाग आहे, त्याच्या कडेला गोंदाचा खरखरीतपणा हाताला लागतो. खणांच्या मागच्या बाजूंना पेन्सिलीने १ ते ४ असे आकडे घातलेले आहेत.

जुना_खण

उत्तम काम केलेत. पेन्सिलीचे आकडे म्हणजे कोणता खण कोठे बसवायचा याची जुळणीची खूण आहे. त्यात मॉडेलचा क्रमांक शोधू नये. एकसारख्या मापाचे डव्हटेल म्हणजे यंत्रावर कापलेले, म्हणजेच बहुधा कारखाना आहे, एकट्या सुताराची कार्यशाळा नव्हे.

गोल डाग रंजक आहे. १९५९ साली डेन्मार्कमध्ये फर्निचरच्या दर्जावर देखरेख करणारी संस्था स्थापन झाली आणि तिची ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’ ही गोल खूण नगांवर लागू लागली. तुमचा डाग त्या चिठ्ठीचा असू शकतो. तसे असेल तर वस्तू १९५९ नंतरची ठरते. पण एक सावधगिरी बाळगावी : ती खूण दर्जाची हमी आहे, कर्त्याची सही नव्हे. अनेक कारखान्यांच्या मालावर तीच खूण असते. विक्रेते मात्र तिचे छायाचित्र असे दाखवतात, जणू वेग्नर यांनी स्वतः जीभ लावून ती चिकटवली आहे.

सदाशिव_पेठी

गोल चिठ्ठी दुकानाच्या किमतीचीही असते आणि लिलावाच्या क्रमांकाचीही असते. गोंदाच्या वर्तुळावरून सनावळी काढणे धाडसाचे वाटते.

जुना_खण

म्हणूनच ‘असू शकतो’ असे लिहिले आहे.

रंधा

स्क्रूबद्दल लिहितो. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की ‘हे सत्तरीनंतरचे’ असा निकाल लावण्याची अनेकांना घाई असते. तो स्क्रू काढून भोकाकडे पाहावे. मूळ भोक मोठे होऊन त्यात काडी किंवा गोंद भरलेला असेल, तर पाय कधीतरी हलू लागला होता आणि कोणीतरी हाताशी आलेला स्क्रू पिळून ठेवला, एवढाच अर्थ होतो. गौरीताईंच्या बाबतीत एकाच पायाला दोन वेगळे स्क्रू आहेत. ती दुरुस्ती समजावी.

आणखी एक उपाय सांगतो. खोलीत अंधार करून टॉर्च तळाच्या फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. डाग देऊन उमटवलेला शिक्का पॉलिश पेपरने घासून गेला, तरी दाबलेल्या लाकडाचा खोलगटपणा थोडा राहतो आणि आडव्या उजेडात त्याची सावली पडते. अतिनील टॉर्च मिळाला तर जुना गोंदही वेगळा चमकताना दिसतो.

अनघा_ओ

या निमित्ताने माझा अनुभव सांगते, कारण त्यात कर्त्यापेक्षा लाकडाचे नाव महत्त्वाचे ठरले. आम्ही कोपनहेगन सोडून पुण्याला परतताना ‘पॅलिसँडर’चे, म्हणजे रोझवूडचे, जेवणाचे टेबल सोबत नेण्याचे ठरवले. तेही निनावी होते, आणि मी त्याचा कारखाना शोधण्यात दोन महिने घालवले. सामान बांधायला आलेल्या माणसाने मात्र कारखाना विचारलाच नाही. त्याने विचारले की हे ब्राझीलचे आहे काय. ब्राझीलचे रोझवूड १९९२पासून सायटेस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय ते सीमेपार नेता येत नाही, आणि युरोपीय संघात ते विकायलाही प्रमाणपत्र लागते. १९४७पूर्वीच्या तयार वस्तूंना विक्रीच्या बाबतीत सवलत आहे, परंतु डॅनिश पॅलिसँडरचा बहरच पन्नास-साठच्या दशकांतला असल्यामुळे तिचा उपयोग होत नाही. शेवटी टेबल नणंदेकडे ठेवून आलो.

रंधा

अनघाताई, तुमचे टेबल कदाचित आपल्या शिसवीचेही असेल. डॅनिश कारखान्यांनी भारतीय शिसवीही वापरली, आणि दुकानात दोन्हींना ‘पॅलिसँडर’ असेच म्हणतात. ब्राझीलच्या लाकडात काळ्या रेषा जाळ्यासारख्या वेड्यावाकड्या धावतात. आपल्या शिसवीत जांभळट छटा असते आणि रेषा पुष्कळदा सरळ, शिस्तीत असतात. डोळ्यांनी पाहून खात्री मात्र देता येत नाही, त्यासाठी लाकडाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घालावा लागतो.

चिंगी

म्हणजे शिसवी मलबारातून डेन्मार्कला गेली, तिथे टेबल झाली आणि आता परत यायला परवाना मागते. अनिवासी भारतीय म्हणतात ते हेच.

सदाशिव_पेठी

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. शोधाची माझी रीत सांगतो. कोपनहेगनच्या डिझाइनम्युझियम डान्मार्कची विसाव्या शतकातील डॅनिश फर्निचरची सूची जालावर खुली आहे. तेथे कर्त्याच्या नावाने शोध घेऊ नये, कारण मग आपल्याला हवे तेच दिसू लागते. वस्तूच्या प्रकाराने शोध घ्यावा आणि मुठी, पाय, कडा या क्रमाने नगांना बाद करत जावे. कोपनहेगनच्या सुतारसंघाची प्रदर्शने १९२७ ते १९६६ या काळात दरवर्षी भरत असत. त्यांत मांडलेल्या वस्तूंची नोंद चांगली आहे. परंतु ते वरच्या श्रेणीचे काम होते. गावोगावच्या कारखान्यांचा रोजचा माल तेथे सापडणार नाही.

लिलावगृहांच्या जुन्या याद्या अवश्य पाहाव्यात आणि त्यांतील भाषा नीट वाचावी. नाव माहीत नसेल तर डॅनिश लिलावगृहे सरळ ‘डान्स्क मोबेलप्रोड्युसेन्ट’ असे लिहितात, म्हणजे ‘डॅनिश फर्निचर उत्पादक’. किंवा ‘डान्स्क स्नेडकरमेस्टर’, म्हणजे ‘डॅनिश सुतार’. ज्यांचे पोट या नावांवर चालते, तेसुद्धा हजारो नगांवर असे लिहून मोकळे होतात. मग दुकानदाराला वोडर कोठून भेटले, हे त्यालाच विचारले पाहिजे.

जुना_खण

बिल्ला असता तर काय झाले असते, याचे एक उदाहरण देतो. हिलेरोडचा एक कारखाना आधी ‘फ्रान्स अँड डावेरकोसेन’ होता, मग १९५७च्या सुमारास ‘फ्रान्स अँड सन’ झाला आणि १९६०च्या दशकात पॉल काडोवियस यांच्याकडे गेल्यावर ‘काडो’ झाला. एकच खुर्ची तिन्ही नावांनी सापडू शकते आणि नुसत्या बिल्ल्यावरून तिचा काळ कळतो. खुर्च्यांच्या बाबतीत तर मी प्रत्येकाला सांगतो की बैठकीचे चार स्क्रू काढून गादी उचलावी. कापडाखाली दडलेले शिक्के मी स्वतः तीनदा पाहिले आहेत, आणि तिन्ही वेळा विकणाऱ्याने ‘निनावी’ म्हणून स्वस्तात दिले होते.

फ्यूनची_सून

माझे सासरे डॅनिश आहेत आणि त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केले. हा धागा मी त्यांना जेवताना भाषांतर करून सांगितला. ते बराच वेळ हसले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गावातला फर्निचरवाला एखाद्या मासिकातले चित्र घेऊन येई आणि ‘अशा मुठी लावून सहा नग द्या’ एवढेच सांगे. मुठीची ओठासारखी वळलेली कड वोडर यांच्या कामात दिसते हे खरे, पण ती पटाशी आणि रंधा चालवणाऱ्या कोणालाही जमणारी गोष्ट होती. त्यावर नाव घालणे अशा सुतारांना अगोचरपणाचे वाटले असते, कारण आराखडा त्यांचा नव्हता.

त्यांनी आणखी एक शक्यता सांगितली, जी येथे कोणी मांडलेली नाही. शिकाऊ सुताराला उमेदवारी संपताना परीक्षेसाठी एक वस्तू स्वतंत्रपणे घडवावी लागते. तिला ‘स्वेनेस्टुके’ म्हणतात. तिच्यात मुद्दाम अवघड सांधे घातलेले असतात, ती एकुलती एक असते आणि बहुधा घरातच राहते. साठ वर्षांनी नातवंडे ती विकतात तेव्हा काम पाहून सगळे चक्रावतात, पण कोणत्याही यादीत ती सापडत नाही. गौरी, तुझे डव्हटेल यंत्राचे असल्यामुळे तुझा साइडबोर्ड त्यातला नाही, असे त्यांचे मत पडले.

शेवटी त्यांनी एक निरोप दिला आहे : खण बाहेर काढून उलटा करावा आणि तसाच आत सरकवून पाहावा. सुतार नेमका असेल तर उलटा खणही अडत नाही.

केदार_ओस्लो

स्वेनेस्टुकेची माहिती नवीन होती. सासरेबुवांना नमस्कार सांगावा. साइडबोर्डच्या राष्ट्रीयत्वाबद्दलचा माझा आक्षेप मात्र अजून उभा आहे.

आरहूसची_गौरी

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. केदार, तुमचा आक्षेप मिटला. रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च आडवा धरल्यावर तळाच्या फळीवर, अगदी मागच्या कडेला, ‘एनमार्क’ एवढी अक्षरे सावलीत उठून दिसली. त्यांच्या डावीकडे फळी घासलेली आहे. म्हणजे वस्तू डेन्मार्कची, आणि जुना_खण यांच्या मुद्द्यानुसार ती कदाचित परदेशी जाण्यासाठी निघालेली होती. मग आरहूसलाच कशी राहिली कोण जाणे. कारखान्याचे नाव तिथे होते की नव्हते, हे आता कळणार नाही.

म्युझियमच्या सूचीत मी तीन संध्याकाळी घालवल्या. वोडर यांच्या ज्या ज्या साइडबोर्डची छायाचित्रे मिळाली, त्यांपैकी एकाचीही मूठ आणि पाय दोन्ही जुळले नाहीत. दुकानदाराला फोन करून विचारले, तर तो म्हणाला की ज्यांच्या घरून साइडबोर्ड आणला त्यांच्या मुलीने तसे सांगितले होते. त्या मुलीला कोणी सांगितले, हे त्याने विचारलेले नव्हते.

विम्याच्या अर्जात मी सदाशिव_पेठी यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत : ‘डान्स्क मोबेलप्रोड्युसेन्ट, साग, अंदाजे १९६०’. सोबत खरेदीची पावती आणि तळाची छायाचित्रे जोडली. विमावाल्या बाईंनी एकही प्रश्न न विचारता अर्ज घेतला.

फ्यूनची_सून

सासरे विचारत आहेत की खण उलटा बसला का.

आरहूसची_गौरी

चारपैकी तीन बसले. चौथा अर्ध्यावर अडतो. त्याच्या तळाची फळी नंतर कोणीतरी बदललेली दिसते आणि ती खिळ्यांनी ठोकलेली आहे.

चिंगी

तीन खण विश्वकर्म्याचे, चौथा घरजावयाचा.